लहान बेटावरची सुट्टी आणि तेथील संथ दिनक्रम: शहीद द्वीपाच्या निमित्ताने

सागरगोटा (धागाकर्ती)

अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची वाट बहुधा ठरलेली असते. श्री विजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, विमानाने उतरायचे, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक व्हायचे, बोटीने स्वराज द्वीपावर (जुने हॅवलॉक) जाऊन राधानगरचा किनारा पाहायचा आणि परतताना शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर, एक रात्र काढायची. लक्ष्मणपूर, भरतपूर आणि सीतापूर हे किनारे व लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान ('नैसर्गिक पूल') एवढी ठिकाणे रिक्षाने अर्ध्या दिवसात पाहून होतात, आणि मग 'तेथे एका दिवसाहून अधिक थांबण्यासारखे काही नाही' असे मत घेऊन मंडळी परततात. हे मत मला पटत नाही. ज्यांनी अशा एखाद्या लहान बेटावर मुक्काम वाढवला आहे, त्यांचे अनुभव येथे एकत्र यावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्या निरीक्षणानुसार बेटावर मन न रमण्याचे मुख्य कारण असे की आपण मुंबई-पुण्याचा दिनक्रम जसाच्या तसा तेथे नेतो, आणि त्या दिनक्रमाला बेटावर कोणताही आधार सापडत नाही. याची सुरुवात सूर्यापासून होते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. शहीद द्वीप 93 अंशांच्या आसपास आहे, तर मुंबई 73 अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने बेटावरचा दिवस मुंबईच्या दिवसापेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटे आधी सुरू होतो आणि तितकाच आधी संपतो. डिसेंबरात तेथे सव्वापाचच्या आधीच उजेड फुटलेला असतो, सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाअकराच्या सुमारास, आणि पाच वाजता तो मावळतो. आता ज्यांची सुट्टीतली सकाळ साडेआठला चहाने सुरू होते आणि जे अकराला तयार होऊन किनाऱ्यावर पोहोचतात, ते नेमके भर दुपारी तेथे पोहोचलेले असतात. उन्हाने हैराण होऊन ते खोलीवर परततात, थोडे पडतात, चार-साडेचारला बाहेर येतात आणि पाहता पाहता अंधार होतो. त्यानंतरचे चार-पाच तास त्यांना खायला उठतात. घड्याळाचे काटे न बदलता दिनक्रम मात्र दीड तास अलीकडे ओढला, म्हणजे पाचला उठणे, जेवण साडेअकराला, दुपारची झोप, तीननंतर पुन्हा बाहेर पडणे आणि नऊला निजणे असे केले, तर तेच बेट अगदी वेगळे भासते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. खडकाच्या कमानीपर्यंत जायचे तर ओहोटीच हवी, कारण वाट निसरड्या दगडांतून आणि मेलेल्या प्रवाळाच्या पट्ट्यातून जाते. ओहोटीत तेथे जी डबकी उरतात त्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, तारामासे आणि लहान लहान रंगीत मासे दिसतात. याउलट भरतपूरला पोहण्यासाठी आणि ग्लास बॉटम बोटीतून प्रवाळ पाहण्यासाठी पुरेसे पाणी असावे लागते. ओहोटीत तेथे गुडघाभर पाण्यात प्रवाळाचे डोके वर येते आणि बोटी थांबून राहतात. सहल-कंपनीच्या वेळापत्रकात मात्र 'सकाळी 10 वाजता नैसर्गिक पूल, दुपारी 12 वाजता भरतपूर' असे छापलेले असते, आणि समुद्र त्या वेळापत्रकाला बांधील नाही. एका रात्रीच्या मुक्कामात ही दोन्ही ठिकाणे योग्य पाण्याला मिळणे हा निव्वळ योगायोग असतो. मुक्काम थोडा वाढवला की योगायोगाची गरज उरत नाही. आज नाही तर उद्या पाणी आपल्या सोयीच्या वेळी उतरते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, ती म्हणजे रिकामी दुपार. बाजारातील बरीच दुकाने मिटलेली असतात, मोबाइलला धड नेटवर्क नसते आणि रस्त्यावर फार तर एखादी सायकल दिसते. पहिल्या दिवशी माणूस अस्वस्थ होतो, 'आता पुढे काय?' असे सोबतच्यांना विचारत राहतो, आणि उत्तर नसल्याने चिडचिडही होते. माझे प्रामाणिक मत असे आहे की ही अस्वस्थता कोणत्याही साहसी खेळाने बुजवू नये. ती एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते, आणि ती ओसरल्यानंतरच खरी विश्रांती सुरू होते. आपल्याला काय वाटते?

पाचवा मजला

सागरगोटा, आपण लिहिलेले पटते, पण एक अडचण नम्रपणे मांडते. आमच्या घरात नोकरदार दोघे, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दोन शाळकरी मुले आहेत. रजा आठवड्याची मिळते, विमानाची तिकिटे महाग असतात, आणि एवढा खर्च करून गेल्यावर शक्य ते सर्व पाहून यावे असे घरातल्या प्रत्येकाला वाटते. त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. सासरे सेल्युलर जेल पाहण्यासाठीच अंदमानला येऊ इच्छितात. त्यांच्या दृष्टीने ती यात्रा आहे. अशा कुटुंबाला 'काही न करता बसा' हा सल्ला कसा द्यावा? संथपणा परवडायलाही काही एक ऐपत लागते, हे या चर्चेत विसरले जाऊ नये.

रेवदंडकर

भरतीचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. आमच्या अष्टागरात लहानपणापासून एक हिशेब शिकवला जातो: तिथीचा आकडा घ्यावा, त्याचे पाऊणपट करावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. अंदमानात तो तसाच लावू नये, कारण प्रत्येक किनाऱ्यावर भरतीची मूळ वेळ निराळी असते. मात्र त्यामागचे तत्त्व तेथेही तेच आहे: भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. तेव्हा पोहोचल्या दिवशी धक्क्यावरच्या कोणत्याही बोटवाल्याला त्या दिवशीची पाण्याची वेळ विचारून घ्यावी आणि पुढचे दिवस स्वतः मोजावेत.

खडकाची कमान पाहायला जाणाऱ्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस धरावा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते आणि तळ अधिक उघडा पडतो. त्याच दिवसांत पाणी परतही झपाट्याने चढते, म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी वळताच माघारी फिरावे.

मी स्वतः समुद्रकाठचा आहे, तरीही एक गोष्ट मला तेथे नव्याने जाणवली. आमच्याकडे भरती-ओहोटी मासेमारी करणाऱ्यांनी आणि गलबतवाल्यांनी पाहायची, बाकीचे गाव एसटीच्या वेळेवर चालते. लहान बेटावर ही विभागणी जवळजवळ राहत नाही.

माजी अंदमानकर

नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य काही वर्षे पोर्ट ब्लेअरला होते (सवयीने जुनेच नाव लिहितो) आणि नीलला जाणे-येणे होई. या धाग्यावर 'संथ', 'निवांत', 'रिकामी दुपार' असे शब्द वारंवार येत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

नीलवर राहणारी बहुतेक कुटुंबे बंगाली आहेत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या लोकांना 1960 च्या दशकात सरकारने येथे जमिनी देऊन वसवले. जंगल तोडून शेते करण्याचे काम त्यांनी केले, आणि सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही गावे उभी राहिली. आज राजधानीच्या बाजारातील भाजीचा मोठा वाटा या एवढ्याशा बेटावरून जातो. भाजी उन्हे चढण्यापूर्वी खुडली जाते, कारण ती बोटीच्या वेळेआधी धक्क्यावर पोहोचावी लागते. म्हणजे आपण ज्या वेळी सीतापूरला सूर्योदय पाहायला जातो, त्या वेळी बेटावरचा कष्टकरी माणूस आधीच कामाला लागलेला असतो. अकरापर्यंत त्याचे सहा-सात तास काम झालेले असते, आणि त्यानंतर विषुववृत्ताजवळच्या त्या दमट उष्म्यात तो झोपतो. पर्यटकाला फक्त ती झोप दिसते, आणि तो 'येथील लोकांना कसलीच घाई नाही' असा निष्कर्ष काढतो.

उपाहारगृहात मासळीचे जेवण यायला तासभर लागतो, यावरूनही बरीच नाराजी व्यक्त होते. अनेक लहान उपाहारगृहे एकाच कुटुंबाने चालवलेली असतात. मागणी आल्यावर मासा साफ होतो, मसाला वाटला जातो, भात चढतो. सकाळी जाता-जाताच 'दुपारी चार माणसे जेवायला येऊ' असे सांगून ठेवावे, म्हणजे थांबावे लागत नाही आणि त्यांनाही किती मासळी आणायची ते कळते. गावातली माणसे एकमेकांशी असाच व्यवहार करतात.

वेळेच्या फरकाबद्दल सागरगोटा यांनी अगदी योग्य लिहिले आहे. आसामातील चहाच्या मळ्यांमध्ये याच कारणासाठी प्रमाणवेळेच्या एक तास पुढची 'बागान वेळ' पाळण्याची जुनी पद्धत आहे. अंदमानात तशी वेगळी वेळ नाही, पण लोकांचे उठणे-जेवणे सूर्याबरोबर आपोआप अलीकडे सरकलेले आहे.

सागरगोटा (धागाकर्ती)

माजी अंदमानकर, आपल्या प्रतिसादाने धाग्याला फार मोलाची भर पडली. मी 'रिकामी दुपार' असे लिहिले ते पाहुण्याच्या बाजूने; तीच दुपार यजमानाच्या बाजूने पहाटेच्या कामानंतरची हक्काची विश्रांती असते, हे आता अधिक स्पष्ट झाले. यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते. दुपारी एक ते तीन या वेळेत रिक्षा, सायकल किंवा बोट यांसाठी कोणालाही उठवू नये. सायकल सकाळीच दिवसभरासाठी भाड्याने घ्यावी. बेटावर मोठे चढ नाहीत, त्यामुळे सवय नसलेल्यांनाही सायकल जमते, आणि सुपारीच्या बागा, केळी व भाताची खाचरे यांमधून जाणारे आतले रस्ते रिक्षातून दिसतच नाहीत.

पाचवा मजला यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक विचार करून द्यायचे आहे. तोवर इतरांनीही लिहावे.

मिनिकॉयचा दीप

लक्षद्वीपचा अनुभव थोडा निराळा आहे. तेथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि 36 बेटांपैकी वस्ती फक्त 10 बेटांवर आहे. बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, त्यामुळे गावातला दिवस नमाजाच्या वेळांनी आखलेला असतो, आणि शुक्रवारी दुपारी काही मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. दारूबंदी असल्याने, ज्यांची बेटावरची संध्याकाळ त्यावाचून होत नाही अशी मंडळी फारशी येत नाहीत.

कोचीहून जहाजाने जाणाऱ्यांना एक मोठा लाभ होतो, तो म्हणजे जुळवून घेण्याची सुरुवात जहाजावरच होते. रात्रभर, कधी त्याहून अधिक काळ, समुद्राखेरीज काही दिसत नाही, फोन बंद पडतो, आणि बेटावर पाऊल ठेवेपर्यंत माणूस निम्मा शांत झालेला असतो. विमानाने अगत्तीला उतरणारा माणूस मात्र सकाळी शहरात असतो आणि दुपारी सरोवरासारख्या स्थिर पाण्यासमोर उभा असतो. त्याच्या डोक्यातला वेग कमी व्हायला अवधीच मिळालेला नसतो. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून नीलला जाताना खासगी वेगवान बोटीऐवजी सरकारी बोट घ्यावी असे मी म्हणेन. ती दोन तासांच्या आसपास घेते, पण डेकवर उभे राहता येते, भाजीच्या टोपल्या घेऊन प्रवास करणारे लोक भेटतात, आणि बेट क्षितिजावर हळूहळू मोठे होताना दिसते. खासगी बोटीत बहुधा काचेमागे वातानुकूलित खुर्चीत बसूनच प्रवास करावा लागतो.

कोरडा नकाशा

मिनिकॉयचा दीप यांची सूचना चांगली आहे, पण सरकारी बोटीची तिकिटे स्थानिकांची गरज भागल्यावर पर्यटकांच्या वाट्याला येतात, हे लक्षात ठेवूनच योजना करावी. तो क्रम योग्यच आहे. रुग्णालय, शाळा आणि बाजार यांसाठी त्यांना तीच बोट लागते.

बोटींविषयी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवामान बिघडले की त्या रद्द होतात. डिसेंबर 2016 मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी हवामानामुळे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना तेथून हलवले. एवढी तीव्र परिस्थिती विरळ असली तरी एखाद-दुसरा दिवस बोट न सुटणे हे मे ते डिसेंबर या काळात अनपेक्षित मानू नये. बेटावरून परतण्याच्या दिवशीच मुंबईचे विमान ठेवणे म्हणजे संपूर्ण मुक्काम काळजीत घालवणे. शेवटची एक रात्र पोर्ट ब्लेअरला राखून ठेवली, तर बेटावर असताना आकाशात ढग दिसले तरी जीव टांगणीला लागत नाही. स्कूबा करणाऱ्यांना तर ही रात्र आवश्यकच आहे. एकदाच पाण्याखाली गेले असले तरी विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास, आणि अनेकदा गेले असल्यास किमान 18 तास जाऊ द्यावेत असा नियम सांगितला जातो, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

शेवाळ

एक शंका मांडू इच्छिते. सर्वांनी मुक्काम वाढवला, तर बेटावरचा ताण वाढणार नाही का? गोड्या पाण्यासाठी हे बेट मुख्यतः पावसावर अवलंबून आहे, आणि कचरा टाकण्यासाठी जागा नाही. 2010 मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जे वाचले आहे, त्यावर रोज शेकडो पाय पडणे परवडणारे नाही.

माजी अंदमानकर

शेवाळ, शंका रास्त आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. बेटावर दरवर्षी होणाऱ्या पर्यटकांच्या मुक्कामाच्या एकूण रात्री तेवढ्याच राहिल्या आणि माणसे कमी आली, तर ताण वाढत नाही. उलट बोटींच्या फेऱ्या, चादरी-टॉवेलची धुलाई आणि घाईघाईने प्रवाळावर उतरवले जाणारे जथे कमी होतात. एका रात्रीसाठी आलेला माणूस ओहोटी चुकली तरी 'आता आलोच आहोत तर' म्हणून चुकीच्या पाण्यात उतरतो आणि तळावर पाय ठेवतो. ज्याच्याकडे उद्याचा दिवस आहे, तो थांबतो. प्रवाळाचा मेलेला तुकडादेखील उचलू नये. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

पाण्याबाबत आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत बादलीने अंघोळ करावी आणि चादरी रोज बदलून मागू नयेत.

सागरगोटा (धागाकर्ती)

पाचवा मजला, आता आपल्या प्रश्नाकडे येते. रजा आठवड्याचीच असेल, तर माझ्या मते एक बेट सोडून द्यावे. राधानगरचा किनारा अतिशय सुंदर आहे, तरीही ज्येष्ठ आणि मुले यांना घेऊन दोन बेटे करण्यात सामानाची बांधाबांध, धक्क्यावर ओळखपत्रे दाखवत ताटकळणे आणि बोट लागण्याचा त्रास यांतच दोन सकाळी जातात. आधी श्री विजयपुरमला सेल्युलर जेल सावकाश पाहावे. आपल्या सासऱ्यांसाठी ती यात्रा आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा तेथे संपूर्ण दिवस द्यावा. 1911 पासून सावरकर ज्या कोठडीत होते ती वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढायला ज्येष्ठांना वेळ लागतो. त्यानंतर सलग मुक्काम शहीद द्वीपावर करावा आणि शेवटची रात्र पुन्हा राजधानीत.

बेटावर सासू-सासऱ्यांची मुळीच काळजी करू नये. पाचला उठणे, साडेअकराला जेवणे आणि दुपारी आडवे होणे ही सवय त्या पिढीला शिकवावी लागत नाही. जुळवून घ्यावे लागते ते तुम्हा दोघांना आणि मुलांना. मुलांसाठी रेवदंडकरांचा हिशेब हाच सर्वांत चांगला उद्योग आहे. पहिल्या दिवशी भरतीची वेळ विचारून वहीत लिहायला सांगावे, दुसऱ्या दिवशीची वेळ त्यांनीच काढावी आणि किनाऱ्यावर जाऊन पडताळून पाहावी. एकदा हिशेब जुळला की किनाऱ्यावर केव्हा जायचे हे मुलेच ठरवू लागतात.

खर्चाविषयी आपण जे लिहिले, त्यावर एवढेच सांगते की एका बेटाचे दोन बोटप्रवास आणि तेथील गाडीभाडे वाचल्याने शहीद द्वीपावरच्या जास्तीच्या रात्रींचा बराच खर्च निघतो. मात्र जानेवारीच्या सुट्ट्यांमध्ये खोल्यांचे दर चढलेले असतात. मुलांच्या परीक्षेनंतर, एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर समुद्र बहुधा शांत मिळेल, उकाडा मात्र सोसावा लागेल.

पाचवा मजला

मनापासून आभार. एक बेट वगळण्याचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. आज रात्री घरात हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवते. एप्रिलमधील पौर्णिमा पाहून मग बोटीची चौकशी करते. रेवदंडकर, पौर्णिमेच्या आधी पोहोचावे की नंतर?

रेवदंडकर

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोहोचावे. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे कमानीसाठी आपल्याला लागोपाठ दोन-तीन ओहोट्या मिळतील. त्यांतली उजेडात येणारी निवडावी, आणि निसरड्या दगडांवरून जाताना सासऱ्यांच्या हातात काठी असू द्यावी.